काशी ते ग्वाल्हेर : राणी लक्ष्मीबाईंच्या स्मृतिस्थळांची वाट

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी माणसाला एक प्रश्न वारंवार विचारला जातो : तुम्ही मूळचे कुठले? आपण कोकणातले, देशावरचे वा वऱ्हाडातले एखादे गाव सांगतो. पण ज्या गावात आपण वाढलो, जिथली भाषा आपल्या मुलांच्या ओठी रुळली, त्या गावाचे आणि आपले नाते काय, हे सांगताना शब्द थोडे अडखळतात. हिंदुस्थानच्या इतिहासात एक मराठी स्त्री अशी होऊन गेली की तिचा जन्म, बालपण, विवाह, राज्य, युद्ध आणि मृत्यू या साऱ्या घटना महाराष्ट्राबाहेरच घडल्या, आणि तरीही आपण कुठले हा प्रश्न तिला कधी पडला असेल असे वाटत नाही. ती झाशीची होती. राणी लक्ष्मीबाईंचे चरित्र आपण शाळेत वाचले आहे; परंतु ज्या ज्या ठिकाणी त्यांच्या आयुष्याचे टप्पे पडले, तेथील फलक, समाध्या आणि त्यांभोवती रुजलेल्या लोककथा यांच्या वाटेने ते पुन्हा पाहिले, तर त्याला वेगळाच अर्थ येतो.

या वाटेचा आरंभ काशीला होतो. अस्सी घाटाजवळच्या भदैनी मोहल्ल्यात त्यांच्या जन्मस्थळाचे स्मारक आहे. मोरोपंत तांबे आणि भागीरथीबाई या दांपत्याच्या पोटी जन्मलेल्या या कन्येचे नाव गंगाकाठच्या प्रसिद्ध घाटावरून मणिकर्णिका ठेवण्यात आले. घरात ती मनू झाली. मोरोपंत हे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे बंधू चिमाजी अप्पा यांच्या आश्रयाने काशीस राहत होते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर उत्तरेकडे जी मराठी कुटुंबे विखुरली, त्यांपैकीच हे एक घर. जन्मतिथी म्हणून १९ नोव्हेंबर १८२८ हा दिवस परंपरेने पाळला जातो. काही चरित्रकारांनी जन्मवर्ष १८३५ धरले आहे, आणि त्यामुळे विवाहसमयीचे व मृत्युसमयीचे त्यांचे वय या दोन्ही गोष्टी आजही वादाच्या राहिल्या आहेत. फलकावर मात्र एकच तारीख कोरता येते. दगडाला शंका मांडता येत नाही, ही पहिली गोष्ट येथेच ध्यानात येते.

चिमाजी अप्पांच्या निधनानंतर मोरोपंत कानपूरजवळच्या बिठूर येथे, म्हणजे ब्रह्मावर्तास, पदच्युत बाजीरावांच्या आश्रयास गेले. आई लहानपणीच गेली होती. त्यामुळे मनूचे बालपण पुरुषांच्या सहवासात, आखाडा आणि तबेला यांच्या आसपास गेले. बाजीरावांचे दत्तक पुत्र नानासाहेब तेथेच वाढत होते आणि येवल्याहून आलेले रामचंद्र पांडुरंग, म्हणजे पुढचे तात्या टोपे, त्याच परिवारात होते. लहानग्या मनूला नानासाहेबांनी हत्तीवर घेतले नाही, तेव्हा आपल्या नशिबी एक सोडून दहा हत्ती आहेत असे तिने पित्याला बजावले, ही कथा बिठूरला आजही मोठ्या हौसेने सांगितली जाते. ती घडली की नाही हे कोण सांगणार? परंतु परागंदा झालेल्या मराठी मंडळींच्या त्या वस्तीत, गेलेल्या वैभवाच्या आठवणींत रमणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या सावलीत, एका मुलीने भविष्याची भाषा बोलावी, हे लोकांना लक्षात ठेवावेसे वाटले, यातच त्या कथेचे सारे मोल आहे.

१८४२ मध्ये मनूचा विवाह झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी झाला आणि ती लक्ष्मीबाई झाली. झाशीच्या जुन्या शहरातील गणेश मंदिरात हा विवाहसोहळा झाला, आणि त्या मंदिरात आजही ही आठवण अभिमानाने सांगतात. मराठी माणसाने या मंदिरात क्षणभर थांबावे. कारण झाशी हे मुळात बुंदेल्यांचे ठाणे. बंगरा टेकडीवरचा किल्ला ओर्च्छ्याच्या वीरसिंहदेवांनी सतराव्या शतकाच्या आरंभी बांधला. पुढे छत्रसालांनी थोरल्या बाजीरावांना बुंदेलखंडातील आपल्या राज्याचा वाटा दिला, आणि १७४२ पासून पेशव्यांचे सुभेदार नारो शंकर यांनी किल्ला वाढवून त्याच्या पायथ्याशी शहर वसवले. किल्ल्याचा वाढवलेला भाग त्यांच्या नावाने शंकरगड म्हणून ओळखला जातो. नाशिकचे नारोशंकर मंदिर त्याच घराण्याचे. त्यानंतर सुभेदारी रत्नागिरीकडून आलेल्या नेवाळकरांकडे आली. त्यामुळे शहरात दक्षिणी ब्राह्मणांची वस्ती, मराठी सण-उत्सव, वेदपाठशाळा आणि समृद्ध ग्रंथसंग्रह होता, आणि नाटकाची आवड असलेल्या गंगाधररावांच्या काळात नाट्यप्रयोगही होत. परंतु तोफखान्यावर पठाण होते, पायदळात बुंदेले होते आणि बाजारपेठेत मारवाडी, कोष्टी, कोरी असे सारे लोक होते. परमुलखात राहणाऱ्या मराठी समाजाचे इतके भरलेले चित्र त्या काळी फार थोड्या शहरांत दिसले असते.

१८५१ मध्ये राणीसाहेबांना पुत्र झाला, तो अवघ्या तीन महिन्यांत गेला. गंगाधरराव खचले. १८५३ च्या नोव्हेंबरात, मृत्यूच्या आदल्या दिवशी, त्यांनी नात्यातील आनंदराव या बालकाला कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांसमक्ष दत्तक घेतले व त्याचे नाव दामोदरराव ठेवले. २१ नोव्हेंबर रोजी ते निवर्तले. शहराजवळच्या लक्ष्मीतलावापाशी त्यांची छत्री आहे. दत्तक सर्व रीतींनी पूर्ण झाला होता. पण लॉर्ड डलहौसीने तो राज्यापुरता नाकारला आणि १८५४ मध्ये झाशी खालसा केली. राणीसाहेबांना दरमहा ५,००० रुपयांची नेमणूक देऊन किल्ल्यातून शहरातील वाड्यात राहण्यास सांगण्यात आले. हाच आजचा राणीमहाल. तेथे पुरातत्त्व खात्याने प्राचीन शिल्पांचा संग्रह मांडला आहे.

या टप्प्यावरचा एक भाग कोणत्याही फलकावर नाही, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. झाशी सोडणार नाही हा राणीसाहेबांचा निर्धार आज प्रत्येक पुतळ्याखाली घोषणेच्या रूपाने वाचायला मिळतो. पण त्यानंतरची तीन वर्षे त्यांनी तलवार उचलली नाही, लेखणी उचलली. कलकत्त्याच्या सरकारकडे व विलायतेस त्यांनी अर्जांमागून अर्ज धाडले. आपल्या घराण्याशी कंपनीने केलेले जुने करार दाखवले, शेजारच्या बुंदेलखंडी संस्थानांत मान्य झालेल्या दत्तकांचे दाखले दिले, जॉन लँग या वकिलाला बोलावून सल्ला घेतला. दिवंगत पतीचे कर्ज आपल्या नेमणुकीतून कापण्यास हरकत घेतली. महालक्ष्मी मंदिराला लावून दिलेली गावे जप्त करू नयेत म्हणून विनवणी केली. एक तरुण विधवा जगातल्या सर्वांत बलाढ्य सत्तेशी कागदपत्रांच्या बळावर, अखेरच्या शब्दापर्यंत, सभ्यपणे भांडत होती. सारे दरवाजे बंद झाल्यावर जे उरले ते युद्ध. घोड्यावरची राणी शिल्पकाराला सापडली. कागदांच्या ढिगासमोर बसलेली राणी मात्र कोणाच्या छिन्नीला सुचली नाही.

१८५७ च्या जूनमध्ये झाशीच्या छावणीतील शिपायांनी उठाव केला. ८ जून रोजी किल्ल्यातून बाहेर पडलेल्या युरोपियन स्त्री-पुरुषांची व मुलांची जोखनबाग येथे कत्तल झाली. सुमारे साठ माणसे मारली गेली. तेथे इंग्रजांनी पुढे त्यांचे स्मारक उभारले. राणीसाहेबांचा या कत्तलीत हात होता असा आरोप इंग्रजांनी ठेवला. त्यास पुरावा मिळाला नाही, आणि पुष्कळ इतिहासकारांनी तो अमान्य केला आहे. कत्तलीनंतर त्यांनी सागरच्या कमिशनरास पत्रे लिहून हकिकत कळवली, आणि त्यानेच सरकारतर्फे त्यांना कारभार सांभाळण्यास सांगितले. जोखनबागेचे ते स्मारकही पाहावे. एकाच शहराचा इतिहास दोन पक्षांनी दोन दगडांवर लिहिला, म्हणजे तो कसा दिसतो, हे तेथे कळते. एप्रिल १८५८ मध्ये राणीसाहेबांचे वडील मोरोपंत यांना पकडून इंग्रजांनी फासावर दिले.

त्या दहा महिन्यांच्या राज्यकारभाराविषयी आपल्याला मराठीत एक अनमोल साक्ष उपलब्ध आहे. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे नावाचे भिक्षुक, मथुरेस बायजाबाई शिंदे यज्ञ करणार आहेत व तेथे दक्षिणा मिळेल या आशेने, १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वावटळीत सापडले. झाशीच्या वेढ्यात ते शहरातच होते. त्यांनी उतारवयात लिहून ठेवलेला वृत्तांत भारताचार्य चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये माझा प्रवास या नावाने प्रसिद्ध केला. त्यात पुतळ्यातली राणी नाही. पहाटे व्यायाम करणारी, घोडे पारखणारी, दरबारात बसून न्याय देणारी, थंडीने कुडकुडणाऱ्या गरिबांना पांघरुणे वाटणारी बाई आहे. त्याच्या आधी, १८९४ मध्ये, दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी राणीसाहेबांचे मराठी चरित्र लिहिले होते. झाशी उत्तरेत असली, तरी तिच्या या पराक्रमाच्या आद्य बखरी मराठीत लिहिल्या गेल्या, ही गोष्ट आपल्या मुलांना जरूर सांगावी.

१८५८ च्या मार्चअखेर सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा दिला. किल्ल्यात आज कडक बिजली आणि भवानीशंकर या दोन तोफा मांडून ठेवल्या आहेत. जवळच गोलंदाज गुलाम गौसखान यांची कबर आहे; त्यांच्यासमवेत खुदाबक्ष आणि मोतीबाई यांचीही स्मृती तेथे जपली आहे. मोतीबाई पूर्वी गंगाधररावांच्या रंगशाळेत होत्या आणि नंतर तोफेवर उभ्या राहिल्या, असे झाशीचे लोक सांगतात. राणीच्या स्त्रीसैनिकांतील झलकारीबाई या कोरी समाजातील वीरांगनेने राणीसारखा वेश करून शत्रूला गुंगवले आणि राणीला निसटण्यास वेळ मिळवून दिला, ही कथाही बुंदेलखंडात घरोघरी आहे. सरकारी कागदांत तिचा मागमूस फारसा नाही. वृंदावनलाल वर्मांच्या १९४६ च्या हिंदी कादंबरीने ती सर्वदूर नेली आणि २००१ मध्ये भारतीय टपाल खात्याने झलकारीबाईंचे तिकीट काढले. ज्यांची नावे दप्तरात येत नाहीत अशा माणसांना गावाने स्वतःच्या तोंडी दप्तरात जागा दिली. अशा कथेकडे पुराव्याच्या अभावी पाठ फिरवणे सोपे आहे. पण ती कोणी, कशासाठी जपली, हे समजून घेणे अधिक शहाणपणाचे आहे.

१ एप्रिल रोजी मदतीला आलेल्या तात्या टोप्यांच्या मोठ्या फौजेचा बेतवाकाठी पराभव झाला. ३ एप्रिलला इंग्रज शहरात घुसले आणि ४ एप्रिलच्या रात्री राणीसाहेब बाहेर पडल्या. किल्ल्याच्या तटावर आज एक फलक आहे : येथून राणीने दत्तक पुत्राला पाठीशी बांधून घोड्यासह उडी घेतली. सहलीला आलेली प्रत्येक शाळा तेथे थांबते. मुले तटावरून खाली वाकून पाहतात आणि त्यांचे डोळे विस्फारतात. तथापि समकालीन वृत्तांत पाहिले तर त्या रात्री निवडक स्वारांसह शहराच्या भांडेरी दरवाजाने वेढा फोडून निघून गेल्या, असेच दिसते. मग हा फलक खोटा म्हणावा काय? मला तसे म्हणवत नाही. शत्रूच्या पहाऱ्यांमधून, पाठीशी लहान मूल घेऊन, रात्रीच्या अंधारात काल्पीपर्यंतचा सुमारे दीडशे किलोमीटरांचा रस्ता धरणे, आणि भांडेरजवळ पाठलाग करणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याला जखमी करून पुढे सरकणे, हे तटावरून उडी मारण्याहून कमी नाही. परंतु दरवाजातून जाणे डोळ्यांपुढे उभे राहत नाही, उडी राहते. लोकांनी त्या अवघड रात्रीचे सारे धैर्य एका क्षणात आणि एका जागी गोळा केले. फलक त्या उडीचा नसून, लोकांच्या त्या श्रद्धेचा आहे, असे मानून तो वाचावा.

मात्र याच ठिकाणी एक उणीव मनाला सलते. राणी गेल्यानंतर झाशीत दिवसचे दिवस कत्तल आणि लूट चालली. विष्णुभटांनी ते सारे स्वतः, लपून बसून, पाहिले. हजारो नागरिक मारले गेले. वाड्यातील तो ग्रंथसंग्रह उद्ध्वस्त झाला. ज्या गल्ल्यांत हे घडले त्या आजही नांदत्या आहेत. पण त्या मृतांची नावे कोठे कोरलेली नाहीत. विजयी सत्तेने आपल्या मृतांची आठवण ठेवली, लोकांनी आपल्या राणीची ठेवली. मधल्या सामान्य माणसांना मात्र दगड लाभला नाही.

काल्पीच्या वाटेवरचा एक प्रसंग विष्णुभटांनीच लिहून ठेवला आहे. एका विहिरीपाशी त्यांना पुरुषवेशातील, धुळीने माखलेल्या, तहानलेल्या राणीसाहेब भेटल्या. भटजींनी पाणी काढून देण्यासाठी मडके व दोर पुढे केला. परंतु विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी ओढू नये म्हणून त्यांनी तो स्वतःच्या हाती घेतला, पाणी काढले आणि ओंजळीने पिऊन त्या पुढे गेल्या. राज्य गेले होते, किल्ला गेला होता, पण रीत सुटली नव्हती. त्या विहिरीवर फलक असता तर मी त्यापुढे सर्वांत जास्त वेळ उभा राहिलो असतो.

कुंच आणि काल्पी येथे पराभव झाल्यावर राणीसाहेब, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांनी १ जून १८५८ रोजी ग्वाल्हेर हस्तगत केले. जयाजीराव शिंदे आग्र्याकडे गेले आणि त्यांची बरीचशी फौज बंडवाल्यांना मिळाली. फुलबागेत दरबार भरला, मेजवान्या झडल्या. समारंभात वेळ घालवण्यापेक्षा फौज सज्ज करावी असा राणीसाहेबांचा आग्रह होता, असे सांगतात. सतराव्या दिवशी कोटा की सराय येथे इंग्रज घोडदळाशी गाठ पडली. इंग्रजी नोंदींप्रमाणे १७ जून, आपल्या परंपरेप्रमाणे १८ जून, या दिवशी त्यांना वीरमरण आले. नवा घोडा स्वर्णरेखा नाल्यापाशी अडला आणि तेथेच घात झाला, ही ग्वाल्हेरची कथा. जखमी राणीला गंगादास बाबांच्या मठात नेले, देह शत्रूच्या हाती पडू नये म्हणून मठातील गवताच्या गंजीवर तत्काळ अग्नी दिला, आणि चिता पेटेपर्यंत इंग्रजांना थोपवताना ७४५ साधूंनी प्राण दिले, असे तो मठ आजही सांगतो. फुलबागेजवळ त्यांची समाधी व अश्वारूढ पुतळा आहे. ज्याने त्यांना हरवले त्या सर ह्यू रोजनेही, बंडवाल्या पुढाऱ्यांत त्या सर्वांत शूर होत्या, अशी नोंद करून ठेवली. तात्या टोपे पुढे जवळजवळ वर्षभर लढत राहिले आणि १८ एप्रिल १८५९ रोजी शिवपुरीस फाशी गेले.

पाठीशी बांधलेल्या त्या मुलाचे काय झाले, हे फलक सांगत नाहीत. दामोदरराव काही निष्ठावान माणसांबरोबर जंगलांत भटकले, अखेर इंग्रजांच्या स्वाधीन झाले आणि तुटपुंज्या पेन्शनीवर इंदुरात राहिले. राज्य व संपत्ती परत मिळावी म्हणून त्यांनी केलेले प्रयत्न फळले नाहीत. १९०६ मध्ये ते इंदुरातच वारले. झाशीचे शहर इंग्रजांनी १८६१ मध्ये शिंद्यांना दिले आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात परत घेतले. ज्या भूमीसाठी राणीने प्राण वेचले, तिची अशी देवघेव झाली. परंतु नावाची देवघेव करणे कोणाला जमले नाही. १९४३ मध्ये नेताजी सुभाषचंद्रांनी सिंगापूरला आझाद हिंद सेनेत स्त्रियांचे पथक उभारले, ते झाशीच्या राणीच्याच नावाने. आणि २०२१ मध्ये झाशीच्या रेल्वे स्थानकालाही वीरांगना लक्ष्मीबाईंचे नाव देण्यात आले.

काशीची भदैनी, बिठूरचा वाडा, झाशीचे गणेश मंदिर आणि ग्वाल्हेरची फुलबाग ही वाट पूर्णपणे आपल्या मुलखाबाहेरची आहे. या वाटेवर राणीसाहेबांना मराठी राणी म्हणून कोणी वेगळे काढत नाही. बुंदेलखंडातले शेतकरी त्यांना आपल्या म्हणतात, ग्वाल्हेरचे साधू आपल्या म्हणतात, पठाण गोलंदाजाच्या कबरीवर फूल वाहणारा आपल्या म्हणतो. मराठी घरात जन्म घेऊन, मराठी रीतभात पाळून, ज्या मातीत राहिल्या त्या मातीच्या माणसांसाठी सर्वस्व दिल्याने हे घडले. आपल्यासारख्या दूरदेशी स्थिरावलेल्या कुटुंबांना यापेक्षा वेगळा वारसा शोधण्याची गरज नाही. आपले मूळ गाव आपण विसरू नये. पण ज्या गावाने आपल्याला आश्रय दिला, त्याच्या चौकातले दगड वाचावेत, त्यांच्या कथा मुलांना सांगाव्यात, त्यांतले खरे आणि मानलेले यांचा विवेक शिकवावा, आणि जे कोठेच कोरलेले नाही तेही जपून ठेवावे. तो फलक आपल्यालाच व्हायचे आहे.